आठ हात आणि एक घंटा

रावसाहेब ओव्हाळ कुठलीही वस्तू घेण्याआधी ठोकून बघतात. नारळ सगळेच ठोकतात. रावसाहेब कप ठोकतात, फरशी ठोकतात, प्लास्टिकची बादलीसुद्धा ठोकतात. हडपसरच्या बाजारात एका भांडेवाल्याने त्यांना विचारलं होतं, "काका, कुकर घेताय का वाजवताय?" त्यावर ते म्हणाले, "नीट वाजला तर घेतो." मग टिचकी मारून, कान जवळ नेऊन त्यांनी तीन कुकर परत ठेवले आणि चौथा घेतला. तो अकरा वर्षं चालू आहे, आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे ऐकावं लागतं.

ही खोड कामातून लागली. हडपसरच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत ते एकतीस वर्षं तपासनीस होते. साच्यात ओतून थंड झालेलं लोखंडी कास्टिंग त्यांच्या टेबलावर यायचं. मापं घ्यायला गेज होते, पण त्याआधी रावसाहेब प्रत्येक नगाला छोट्या हातोडीने एक ठोका मारायचे. धड नग घंटेसारखा वाजतो आणि आवाज जरासा रेंगाळतो. आत केसाएवढा तडा असेल, तर तोच नग फुटक्या मडक्यासारखा बद्द बोलतो. धड नगावर पिवळ्या खडूची खूण व्हायची. बाकीचे टेबलाच्या डावीकडच्या लाल पेटीत.

त्या लाल पेटीपायी त्यांनी पुष्कळ शत्रू केले. एकदा ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटचा चारशे नगांचा लॉट त्यांनी अडवला. प्रॉडक्शनचे साहेब टेबलाशी आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ओव्हाळ, रंग मारला की सगळे सारखे दिसतात. कोणाला कळतंय?" रावसाहेबांनी सही केली नाही. पुढची दोन वर्षं त्यांना मागच्या अंगणात भंगाराच्या काट्यावर बसवलं. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं की टेबल बदललंय. मात्र त्या दिवसापासून ओव्हाळांच्या घरात 'कोणाला कळतंय' हे दोन शब्द उच्चारायची सोय राहिली नाही. मुलीने शाळेच्या नकाशात एक नदी गाळली आणि हे शब्द वापरले, तेव्हा तिला अख्खा महाराष्ट्र पुन्हा काढावा लागला होता.

ती मुलगी म्हणजे नम्रता. आता अठ्ठावीस वर्षांची आहे आणि खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. चुका काढायचा पगार एकाच घरात दोघांना मिळाला, असं तिची आई शर्मिला म्हणते. शनिवार-रविवारी मात्र नम्रता वेगळंच काम करते. बुधवार पेठेत अ‍ॅम्प्लिफायरचं दुकान असलेला श्रीधर कार्यक्रमांना साउंड पुरवतो. त्याच्या मिक्सरवर ती चार वर्षांपासून बसते. कोणत्या माइकचा आवाज किती, कुठे घुमतंय, कुठे शिट्टी वाजतेय, हे तिला कानाने कळतं. हा कान कुठून आला, हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

गोष्ट इथवर होती तोवर रावसाहेबांची हरकत नव्हती. नोव्हेंबरात नम्रता बंगळूरला एका परदेशी बँडचा साउंड करून आली आणि जेवताना म्हणाली, "पप्पा, ते मला जानेवारीत बरोबर न्यायचं म्हणतायत. अकरा आठवडे. अकरा देश."

"आणि कंपनी?"

"अकरा आठवड्यांची रजा देत नाहीत. राजीनामा द्यावा लागेल."

रावसाहेबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "कोण लोक आहेत हे?"

बँडचं नाव 'सेकंड शिफ्ट'. बेल्जियममधल्या एका बंदराच्या शहरातले चार जण. गोदीत दुपारपाळी करता करता त्यांनी बँड काढला, त्याला बेचाळीस वर्षं झाली. पंक वाजवतात, पण फार पूर्वी घानात जाऊन राहिले, तिथल्या लोकांकडून शिकले, तेव्हापासून त्यांच्या वाजवण्यात तिथली लय शिरली. नम्रता हे सांगताना चमच्याने वाटीच्या काठावर काहीतरी वाजवत होती. सात ठोके, मधली अंतरं कमीजास्त, मग पुन्हा तेच.

"ते बंद कर," रावसाहेब म्हणाले.

तिने चमचा खाली ठेवला. या घरात वाजवायचं नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. डब्यावर, बाकावर, दारावर, कशावरच नाही. कारणही माहीत होतं. तिचे आजोबा दौंडकडच्या गावात हलगी वाजवायचे. वाजवायचे म्हणजे वाजवावी लागायची. जत्रा असो, कुणाचं लग्न असो, पाटलाच्या बैलांची मिरवणूक असो, सांगावा आला की हातातलं काम टाकून निघायचं आणि सगळ्यांच्या पुढे पण सगळ्यांपासून लांब चालायचं. छप्पन साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि पुढच्या वर्षी गावातल्या घरांनी ती घेतली. त्या संध्याकाळी आजोबांनी हलगीचं कातडं विळ्याने फाडलं आणि कडं चुलीत सारलं. मग घरातल्यांना एक वाक्य सांगितलं. रावसाहेब त्यानंतर पाच वर्षांनी जन्मले, पण ते वाक्य ऐकतच मोठे झाले: वाजवायचं नाही.

आणि आता त्यांची मुलगी खराडीतली खुर्ची सोडून वाजवणाऱ्यांच्या मागून जाणार होती.

आठवडाभर घरात कमी बोललं गेलं. शेवटी नम्रतानेच तोड काढली. "पप्पा, रविवारी ते पुण्यात वाजवतायत. हडपसरलाच, दुपारी चारला. तुम्ही या, ऐका. सोमवारी सकाळी मला त्यांना उत्तर द्यायचंय. तुम्ही नको म्हणालात तर नाही देणार राजीनामा."

"लिहून दे."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते. तारीख टाकून."

तिने त्यांच्या खिशातल्या वहीत लिहून दिलं, तारीख टाकली, सहीपण केली. शर्मिला स्वयंपाकघरातून म्हणाली, "एका घरात दोन तपासनीस असणं काही बरं नाही."

रविवारला पाच दिवस होते. रावसाहेब चौकशीला लागले. मुलीसाठी स्थळ आलं की मुलाच्या गावी माणूस पाठवतात, तसा इथे पाठवायला माणूस नव्हता. पण फाउंड्रीतला त्यांचा जुना सोबती साईनाथ याचा मुलगा जर्मनीत होता, आणि नकाशात बघितलं तर बेल्जियम शेजारी. दोन दिवसांनी साईनाथचा फोन आला.

"म्हातारे आहेत रे सगळे. एकजण सत्तरीच्या पुढचा."

"व्यसन?"

"पोराला एवढं कुठलं कळायला. पण एकदा अटक झाली होती सगळ्यांना. त्र्याऐंशी साली."

रावसाहेबांनी पेन काढलं. "कशाबद्दल?"

"रस्ता अडवला म्हणे. गोदीतल्या कामगारांना काढलं होतं, म्हणून."

रावसाहेबांनी वहीत लिहिलं: अटक, एक. कारण ठीक. मग थोडा विचार करून 'ठीक'च्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं, कारण ही बातमी त्या बँडच्याच लोकांनी पसरवलेली असू शकते.

त्यांनी नम्रतालाही सोडलं नाही. "पंक म्हणजे नक्की काय?"

"आधी वाजवायला लागायचं, मग शिकायचं."

"म्हणजे माणसाला काही न शिकवता मशीनवर उभं करायचं. आणि आफ्रिकेतलं ते, विचारून घेतलं का न विचारता?"

तिने एक जुनी रेकॉर्ड आणून दाखवली. पाठीमागे शिकवणाऱ्यांची नावं होती, पहिलं नाव एका लोहाराचं. रावसाहेबांनी चष्मा लावून सगळी नावं वाचली.

"छापायला काय जातं," ते म्हणाले आणि रेकॉर्ड परत दिली. देताना पुठ्ठ्यावर टिचकी मारली.

"अहो, स्थळाचीसुद्धा एवढी चौकशी कुणी करत नाही," शर्मिला म्हणाली. रविवारी ती आली नाही. तिला ढणढण सहन होत नाही. दारात चपला पुढे करत म्हणाली, "जा. नापास करून या."

कार्यक्रम एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये होता. रावसाहेबांना शेड ओळखीची होती. इथे पूर्वी पंपाच्या बॉड्या बनत. रिजेक्शन बारा टक्के. आता भिंतींना काळा रंग दिला होता आणि जिथे भट्टी होती तिथे कॉफीचा ठेला. छपराच्या पारदर्शक पत्र्यांतून दुपारचं ऊन खाली येत होतं. दोन-अडीचशे लोक असतील, बहुतेक नम्रताच्या वयाचे, काही तिच्याहून लहान, आणि सगळ्यांच्या हातात कागदी पेले. रावसाहेबांनी पेल्यांचा वास जाता जाता घेतला. कॉफीच होती.

मिक्सरचं टेबल शेडच्या मागच्या बाजूला मधोमध होतं. नम्रता कानावर हेडफोन लावून बसली होती. शेजारी श्रीधर उभा.

"या काका," श्रीधर म्हणाला. "बसायला खुर्ची आहे. उभं राहायचं असेल तर तिकडे, इथे तुम्ही केबलवर उभे आहात."

रावसाहेब खुर्चीवर बसले नाहीत. बसून तपासणी होत नाही. ते भिंतीच्या कडेने स्टेजच्या जवळ गेले आणि खांबाला टेकले.

चार वाजून दहा मिनिटांनी चौघे आले. उशीर, दहा मिनिटं. वहीत नोंद झाली. गाणारा उंच आणि खंगलेला, गळ्यात गिटार. दुसऱ्या गिटारवर पांढऱ्या केसांची एक बाई, चष्म्याला दोरी बांधलेली, बँकेत पेन्शन घ्यायला आलेली असावी अशी. बास गिटारवर टकला माणूस. ड्रमवर सगळ्यात म्हातारा, डाव्या मनगटाला काळा पट्टा गुंडाळलेला. रावसाहेबांना उंच माणूस पहिल्यापासून पटला नाही. तो लोकांकडे बघून फार हसत होता. जो माल विकायला आलाय तो एवढा का हसेल?

मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि खांब थरथरला.

पहिली दोन गाणी रावसाहेबांनी सहन केली. तिसऱ्यात त्यांच्या लक्षात आलं की हा गोंधळ नाही. फाउंड्रीच्या शेजारी फोर्जिंगचं शॉप, म्हणजे तापलं लोखंड ठोकून घडवायचा विभाग होता. तिथे एक मोठी प्रेस सावकाश पडायची आणि एक छोटी भरभर, आणि नवीन माणसाला वाटायचं की दोघी मनाला येईल तशा चालल्यात. पण छोटीच्या बाराव्या ठोक्याला दोघी बरोबर एकत्र पडायच्या. दुपारपाळीत जेवणानंतर रावसाहेब तो बारावा ठोका मोजत बसत. इथे तसंच होतं. बाई एका चालीने, टकला दुसऱ्या, म्हातारा तिसऱ्या, आणि मधूनच सगळे एका जागी पाय ठेवल्यासारखे एकत्र. रावसाहेबांनी वहीत लिहिलं: काम येतं. लिहिल्यावर इकडेतिकडे बघितलं, कुणी वाचलं तर नाही ना.

चौथ्या गाण्याआधी उंच माणूस इंग्रजीत म्हणाला की हे गाणं त्यांना एका लोहाराने दिलं, म्हणून ते कार्यक्रमाच्या शेवटी पुन्हा वाजवतात, आणि त्या लोहाराचं नाव घेतलं. रेकॉर्डवर पहिलं होतं तेच. नाव घेतात, एवढं वहीत आलं.

या गाण्यात घंटा होती. सात ठोके, मधली अंतरं कमीजास्त. वाटीवर वाजलेले तेच. ड्रमच्या बाजूला स्टँडवर लोखंडी पत्र्याच्या दोन शंकूंची जोडघंटा टांगलेली होती, बैलाच्या गळ्यात बांधतात तिची थोरली बहीण शोभेल अशी. लोखंडाचा आवाज म्हटल्यावर रावसाहेबांचे कान आपोआप पुढे झाले. आवाज छान होता. पहिला ठोका छान, दुसरा छान, तिसरा काठावर जरा घसरला आणि खरखरला. ठीक आहे, माणूस आहे. पुन्हा सात. तिसरा घसरला. पुन्हा सात. तिसरा घसरला, अगदी तेवढाच, तसाच.

रावसाहेब खांबापासून सरळ झाले.

एकतीस वर्षांत त्यांनी काही लाख नग ठोकले असतील. एकाच हातोडीने, एकाच हाताने, एकाच मालाचे. दोन आवाज हुबेहूब सारखे त्यांनी एकदाही ऐकले नव्हते. माणसाचा हात तसं करूच शकत नाही. त्यांनी स्टेजवरचे हात मोजले. उंच माणसाचे दोन, गिटारवर. बाईचे दोन, गिटारवर. टकल्याचे दोन. म्हाताऱ्याचा उजवा हात ड्रमवर पळत होता, डावा पट्ट्यातला हात खालच्या ड्रमवर हळू पडत होता. आठ हात, आठही कामात. घंटेजवळ कुणीच नाही. ती स्टँडवर गप्प लटकत होती आणि शेडभर वाजत होती.

त्यांनी खात्रीसाठी जागा बदलली, गर्दीच्या मागून दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा हात मोजले. आठच. आजूबाजूची पोरं डोळे मिटून डोलत होती. रावसाहेबांना एक जुना, ओळखीचा समाधानाचा झटका आला. सापडलं. हसणारा माणूस उगाच हसत नव्हता. नग रंगवलेला होता.

पावणेपाचला मध्यंतर झालं. रावसाहेब थेट मिक्सरपाशी गेले.

"नम्रता, घंटा कोण वाजवतं?"

तिने हेडफोन काढला. "ड्रमर."

"त्याचे दोन्ही हात मी बघितले. दोन्ही बाजूंनी."

श्रीधर म्हणाला, "मी चहाचं बघून येतो."

"तुम्ही थांबा," रावसाहेब म्हणाले. श्रीधर थांबला.

"उन्हाळ्यात त्यांचं मनगट मोडलं," नम्रता म्हणाली. "ऑपरेशन झालं. ड्रमवर हात टाकता येतो, पण वर उचलून घंटा मारता येत नाही. बंगळूरला ते गाणं गाळणार होते. घानातून आणलेलं त्यांचं पहिलं गाणं आहे ते पप्पा. मागच्या वर्षी ते गोव्यात वाजवून गेले, त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं, त्यांच्याच हातचं. मीच म्हणाले, त्यातली एक फेरी कापून लॅपटॉपवरून फिरवत ठेवते. कोणाला कळ…"

ती थांबली. शब्द अर्धा बाहेर आला होता आणि आता आत घेता येत नव्हता.

रावसाहेबांना मघाचं समाधान कुठे गेलं ते कळेना. आठवडाभर ते परक्यांच्या घराची झाडाझडती घेत होते. उंच माणसाचं हसू, म्हाताऱ्याचं व्यसन, त्र्याऐंशी सालची अटक. टेबलाच्या या बाजूला कोण बसलंय, हे वहीत कुठेच नव्हतं.

"मी त्यांना तपासायला आलो होतो," ते म्हणाले. "लाल पेटीत तुझा नग आला."

नम्रताचे कान लाल झाले. "सगळे करतात पप्पा. मोठमोठ्या लोकांचा अर्धा कार्यक्रम लॅपटॉपवर असतो."

"त्या मोठ्या लोकांनी मला तपासायला बोलावलं नव्हतं."

तेवढ्यात ड्रमवाला म्हातारा तिथे आला. उजव्या हातात पाण्याची बाटली, काखेत ती घंटा. त्याने रावसाहेबांकडे बघितलं, नम्रताकडे बघितलं, आणि काय चाललंय ते त्याला न सांगता समजलं असावं. त्याने इंग्रजीत विचारलं, यांना कसं कळलं?

"थर्ड वन," रावसाहेब म्हणाले. फाउंड्रीपुरतं इंग्रजी त्यांना येत होतं. "एव्हरी टाइम सेम."

म्हातारा खाली बघून हसला आणि नम्रताला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" रावसाहेबांनी विचारलं.

"म्हणतायत, बंगळूरपासून तो तिसरा ठोका त्यांनाही टोचतोय. गोव्यात हात घसरला होता. आता तीच चूक रोज त्यांच्या तोंडावर येऊन वाजते. पण मी इतक्या हौसेने केलं होतं की…" तिने वाक्य सोडून दिलं.

रावसाहेबांनी हात पुढे केला. म्हाताऱ्याने घंटा दिली. ती अपेक्षेपेक्षा जड होती, कडा हातोडीने वळवलेल्या, सांधा हाताने जोडलेला. कुणातरी लोहाराचं काम, आणि चांगलं काम. रावसाहेबांनी ती दोन बोटांवर अधांतरी धरली, खिशातलं पेन काढलं, मोठ्या शंकूवर एक ठोका मारला आणि डोळे मिटले. आवाज सरळ गेला, रेंगाळला, संपला. मग छोटा शंकू. तोही तसाच.

"धड आहे," ते म्हणाले. "तडा नाही."

घंटा त्यांनी म्हाताऱ्याला परत दिली नाही. मिक्सरवर, नम्रताच्या समोर ठेवली.

नम्रता घंटेकडे बघत राहिली. ही चाल तिने कापली होती, जोडली होती, शेकडो वेळा ऐकली होती. वाटीवर, टेबलावर, बसच्या दांडीवर वाजवली होती. ती हळू म्हणाली, "म्हणजे मी वाजवू? तुम्ही सांगताय म्हणून?"

रावसाहेब उत्तर द्यायला गेले आणि थबकले. वडिलांचं ते वाक्य त्यांना आठवलं, पण घरात वापरून वापरून तोकडं झालेलं नव्हे, तर पूर्ण. चुलीपुढे बसून वडील जे म्हणायचे ते असं होतं: कुणी सांगितलं म्हणून वाजवायचं नाही. शेवटचा अर्धा भाग सोपा, म्हणून तेवढाच राहिला होता.

"मी काही सांगत नाही," ते म्हणाले. "मी फक्त नग बाजूला काढलाय. दुरुस्त करायचा का वितळवायचा ते शॉप ठरवतं. तपासनीस नाही ठरवत."

आणि ते पुन्हा आपल्या खांबाकडे गेले. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ते सांगितल्यासारखंच झालं असतं.

दुसरा भाग सुरू झाला. दोन गाणी झाली. घंटा स्टँडवर नव्हती, लॅपटॉपवरही वाजली नाही. रावसाहेबांचा जीव मात्र जागेवर नव्हता. तिने शेवटचं ते गाणं गाळायला लावलं असेल, तर तेही एक उत्तर होतं, प्रामाणिक उत्तर. मग सोमवारी नको म्हणणं सोपं होतं. हे सोपं वाटून त्यांना बरं का वाटत नाही, याचा त्यांना राग आला.

शेवटच्या गाण्याआधी उंच माणूस बाजूला झाला आणि नम्रता स्टेजवर आली. निघताना ती श्रीधरला काय म्हणाली, ते रावसाहेबांना श्रीधरने नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "चुकलीस तर मी घंटेचा आवाज कमी करतो." आणि ती म्हणाली होती, "नाही करायचा."

ती ड्रमच्या शेजारी उभी राहिली. एका हातात घंटा, दुसऱ्यात आखूड काठी. ऑफिसला घालते तोच निळा कुर्ता. म्हाताऱ्याने मान हलवली आणि ती सुरू झाली.

पहिली फेरी बरी गेली. दुसरीत तिने घाई केली आणि बाईने गिटारवरून डोळे वर उचलून तिला सांभाळून घेतलं. तिसरीत काठी शंकू सोडून नुसती कडेला लागली, टक असा कोरडा आवाज झाला आणि पुढचे दोन पोरगे हसले. नम्रताचा चेहरा उतरला. रावसाहेबांचा हात खिशातल्या पेनवर घट्ट झाला. पण ती थांबली नाही. म्हातारा तिच्याकडे बघत उजव्या हाताने तिला जागा करून देत होता, आणि हळूहळू सात ठोके आपापल्या अंतरावर बसू लागले. एक भरीव, एक हलका, एक जरा उशिरा. त्या दोन प्रेसांसारखे, बाराव्या मोजणीला सगळे एकत्र. पुन्हा बाराव्याला.

रावसाहेब डोळे मिटून मोजत होते. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत त्यांनी ऐकलं. दोन ठोके सारखे नव्हते.

लोक पांगले तेव्हा पत्र्यांतून अजून पिवळं ऊन येत होतं. नम्रता केबल गुंडाळून त्यांच्याकडे आली. तळहात लाल झाला होता.

"पप्पा?"

"दुसऱ्या फेरीत घाई केलीस."

"हो."

"तिसरीत नुसती कडेला लागली."

"माहितीय."

"शेवटी शेवटी बरं होतं."

रावसाहेबांनी वही काढली. तिने लिहून दिलेलं पान उघडलं, तारीख आणि सही पुन्हा एकदा बघितली आणि वही मिटून खिशात ठेवली.

"पासपोर्टची मुदत बघितलीस का? सहा महिने तरी शिल्लक लागते म्हणतात."

नम्रता त्यांच्याकडे बघत राहिली. "आहे. दोन वर्षं आहे."

"बघितलीस, का आठवतंय म्हणून सांगतेस?"

तिने फोन काढला, पासपोर्टचा फोटो शोधला आणि पुढे धरला. रावसाहेबांनी चष्मा लावला, तारखेवर बोट ठेवून ती पुटपुटत वाचली, मग नावाचं स्पेलिंगही अक्षर अक्षर तपासलं. काचेवर नकळत एक टिचकी बसली.

शेडच्या दुसऱ्या टोकाला उंच माणूस कुणाशी तरी बोलत होता. अजूनही हसत होता.

"त्या उंच माणसाचं मात्र मला काही खरं वाटत नाही," रावसाहेब फोन परत देत म्हणाले. "तिकडे गेल्यावर त्याच्यावर लक्ष ठेव."